कोपर ताठ, एक डोळा बंद

रविवारी सकाळी सात वाजता आमच्या गच्चीवर एका स्टुलावर पितळेचा गडवा मांडलेला असतो. पुण्या-मुंबईकडे ज्याला तांब्या म्हणतात, तो. शेजारी दोन संत्री, मागे स्टीलची एक थाळी. समोर अर्धवर्तुळात आठ-दहा जण बसतात. एलिमेंटरी परीक्षेची तयारी करणारी दोन पोरं, इंजिनीअरिंगचा एक मुलगा, शेजारच्या वहिनी, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. नागपूरचं ऊन कुणासाठी थांबत नाही. एप्रिल उजाडला की आठ-साडेआठलाच गच्ची तापायला लागते. त्यामुळे वेळ मोजकाच मिळतो, आणि त्यातल्या पहिल्या वीस मिनिटांत कुणाच्या तरी तोंडून हे वाक्य येतंच: "मॅडम, समोर पाहूनच काढून राहिलो नं, तरी तसा येऊन नाही राहिला."

कागदावर बघावं तर गडव्याचा गळा जाड झालेला असतो, तोंड पोळीसारखं गरगरीत, आणि एकेक संत्रं जवळजवळ गडव्याच्या पोटाएवढं. शाळेत शिकवत होते तेव्हा अशा वेळी मी एकच गोष्ट सांगायची, "नीट बघ." पुष्कळ वर्षं सांगितली. मग एकदा लक्षात आलं की पोरगं नीटच बघतंय, डोळे फाडून बघतंय. गोची बघण्यातच आहे. त्याला बघ म्हणून उपयोग नाही, मोज म्हणायला हवं. आणि कशानं मोजायचं, कुठलं माप कुठली चूक पकडतं, हे सांगायला हवं. ते सगळं इथे एकदा सविस्तर मांडते.

आधी डोळा खोटं कसं बोलतो ते पाहा. उजवा हात पूर्ण लांब करून पंजा समोर धरा. डावा पंजा त्याच्या निम्म्या अंतरावर. दोन्ही पंजे सारखेच दिसतील. फार तर जवळचा किंचित मोठा. आता एक डोळा मिटा आणि जवळचा पंजा हळूच दूरच्या पंजावर सरकवा. दूरचा पंजा त्याच्यामागे अख्खा गडप होतो. डोळ्याच्या पडद्यावर जवळच्या पंजाची प्रतिमा दुपटीनं मोठी पडत होती, पण मेंदूनं ती आपल्यापर्यंत पोचू दिली नाही. कारण त्याला ठाऊक आहे की माणसाचे दोन्ही हात सारखे असतात. रोजच्या जगण्यात हे वरदानच आहे. नाहीतर रस्त्यानं समोरून येणारा माणूस दर पावलाला फुगत चाललाय असं वाटलं असतं. चित्र काढायला बसलो की हेच वरदान आडवं येतं.

थाळीचं तसंच. रॉबर्ट थाउलेस नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९३१ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. तिरकी दिसणारी गोल चकती लोकांसमोर ठेवायची आणि ती जशी दिसते तसा आकार दाखवायला सांगायचा. लोकांनी दाखवलेला लंबगोल डोळ्यात प्रत्यक्ष पडणाऱ्या लंबगोलापेक्षा जास्त गोल निघाला. थाळी गोल असते हे आपलं ज्ञान बघण्यात मिसळतं, आणि हाताला जे कळतं ते धड खरंही नसतं आणि धड दिसणारंही नसतं, मधलंच काहीतरी असतं. गडव्याचं तोंड पोळी का होतं, याचं उत्तर हेच. मोजमाप हे हाताच्या वळणासाठी नसतं. मेंदूला थोडा वेळ गप्प बसवण्यासाठी असतं.

आता पेन्सिल. हात लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठा सरकवणारा चित्रकार सगळ्यांनी पाहिलेला असतो, निदान व्यंगचित्रात तरी. पोरं ती पोझ हौसेनं घेतात. ती कशासाठी, हे बहुतेकांना माहीत नसतं.

डोळा, पेन्सिल आणि गडवा यांच्यामध्ये दोन समरूप त्रिकोण तयार होतात, एक छोटा, एक मोठा. गडवा २४ सेंटीमीटर उंच आहे, तुमच्यापासून २४० सेंटीमीटरवर आहे आणि पेन्सिल डोळ्यापासून ६० सेंटीमीटरवर आहे असं धरू. पेन्सिलीवर गडव्याची उंची भरेल ६ सेंटीमीटर. आता कोपर जरासं वाकलं आणि पेन्सिल ५५ सेंटीमीटरवर आली, तर तोच गडवा भरेल साडेपाच. म्हणजे आठ टक्क्यांचा फरक, आणि तुम्हाला पत्ताही नाही. उंची ताठ हातानं मोजली आणि रुंदी वाकलेल्या हातानं, तर गडवा बारीक होणारच. म्हणून कोपर ताठ. एक डोळा बंद अशासाठी, की दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटीमीटरचं अंतर असतं आणि दोघं दोन वेगळ्या जागांवरून बघतात. दोन्ही उघडे ठेवले तर पेन्सिलच दोन दिसते. तिसरी गोष्ट जास्त चुकते. समोर एक काचेची खिडकी आहे आणि पेन्सिल त्या काचेला चिकटून फिरतेय असं समजायचं. टेबलाची कड आत जाताना दिसली की पेन्सिलही तिच्यासोबत आत वळते, आणि माप तिथेच फसतं. काच भेदून पलीकडे जायचं नाही.

एवढं सांभाळूनही एक गफलत हमखास होते. पेन्सिलीवर ६ सेंटीमीटर भरले की लगेच तेच ६ सेंटीमीटर कागदावर ठेवायचे. का? कागदावर गडवा तुम्हाला हवा तेवढा मोठा काढा की. पेन्सिल सेंटीमीटर सांगत नाही, ती पट सांगते. गडव्याचं तोंड हे एक माप धरलं तर उंचीत ते किती वेळा बसतं? दोनदा आणि वर थोडं. पोट किती रुंद? दीड. कागदावर तोंड आधी तुमच्या मर्जीनं ठरवायचं आणि मग बाकीचं सगळं त्या पटीत बसवायचं.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्या शिल्पशास्त्रात 'ताल' हे माप आहे. एक ताल म्हणजे बारा अंगुळं, म्हणजे साधारण एक वीत, आणि मूर्तीचा चेहराही एक ताल. नवताल मूर्ती म्हणजे नऊ ताल उंच, १०८ अंगुळांची. मूर्ती वीतभर असो की दोन पुरुष उंच, तिचं अंगूळ तिच्याच अंगातून निघतं. बाहेरची फूटपट्टी तिथे लागत नाही. कामसूत्रावरच्या 'जयमंगला' टीकेत चित्राची जी सहा अंगं सांगितली आहेत, त्यांत रूपभेदानंतर लगेच दुसरं येतं ते 'प्रमाण'. मात्र एक भेद लक्षात ठेवायचा. शास्त्रातला ताल हा मूर्ती कशी असावी ते सांगतो. आपण गच्चीवर जे मोजतो ते या क्षणी, या जागेवरून, एका डोळ्याला काय दिसतंय ते. उभा माणूस साडेसात-आठ डोकी उंच, हे पाठ करून ठेवलेलं प्रमाण काका खाटेवर आमच्याकडे गुडघे करून बसले की कोसळतं. मांडी तेव्हा अर्ध्या डोक्याएवढीही दिसत नाही. पाठ केलेलं खरं मानायचं की पेन्सिलीचं? पेन्सिलीचं.

मापाचं एकक निवडताना फार छोटं घेऊ नये. संत्र्याचं देठ एकक धरलं आणि ते वीस वेळा मोजत गेलं, की दर वेळची अर्ध्या मिलिमीटरची चूक शेवटी एक सेंटीमीटर होऊन बसते. मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते माप अगदीच बाळबोध आहे: मध्य शोधणं. सगळ्या मांडणीची वरची टोकं आणि खालची टोकं कागदावर ठरवा. मग पेन्सिलीनं विचारा, मधोमध काय येतं? गडव्याचा गळा, की पोटाची वरची गोलाई? माणसाच्या चित्रात उभ्या माणसाचा मध्य कमरेला नसतो, त्याच्याही खाली, मांड्या जिथे सुरू होतात तिथे असतो. नव्यानं शिकणारा दर वेळी पाय आखूड काढतो, कारण त्याचं लक्ष चेहऱ्यावर. एक मध्य तपासला की निम्म्या चुका पकडल्या जातात.

पटीच्या मापाची मर्यादाही आहे. ते लांबी सांगतं, दिशा सांगत नाही. इथे मला नेहमी हिंगणघाट आठवतं.

आपल्या झिरो माईलला तुम्ही गेलाच असाल. खांब, चार घोडे, आणि तो दगड. भारताचा मध्यबिंदू इथेच म्हणून आपण पाहुण्यांना ऐटीत सांगतो. तो वाद बाजूला ठेवू. तिथला १९०७ सालचा दगड आहे सर्वेक्षणाच्या कामातला, समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवणारा. ज्या महासर्वेक्षणाशी त्याचं नातं आहे, ते भारत मोजायचं काम १८०२ साली विल्यम लॅम्ब्टन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं मद्रासला सुरू केलं. त्यानं काय केलं? सुमारे साडेसात मैलांची एकच सरळ रेषा जमिनीवर साखळीनं अत्यंत काटेकोर मोजली. त्यानंतर लांबी मोजायचं काम जवळजवळ संपलं. रेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीकडे कोन घ्यायचे; दोन कोन आणि एक बाजू कळली की अख्खा त्रिकोण कळतो. त्या त्रिकोणाची बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत, जवळपास अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, ओढत तो माणूस उत्तरेकडे सरकत राहिला. नागपूरकडे येताना १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथे आहे.

चित्रात अगदी हेच करायचं. गडव्याची उंची ही तुमची मद्रासची रेषा. ती एकदा कागदावर पक्की करा. आता थाळीची उजवी कड कुठे येते? लांबी मोजत बसू नका. गडव्याच्या तोंडापासून थाळीच्या कडेपर्यंत पेन्सिल तिरकी धरा, घड्याळाच्या काट्यासारखी. पाच वाजलेत की चार? मग गडव्याच्या तळापासून त्याच कडेकडे. इथे काटा तीनच्या जरा अलीकडे. दोन्ही तिरप्या कागदावर हलक्या हातानं ओढा. जिथे छेदतील तिथे थाळीची कड. न मोजता सापडली. घड्याळाची युक्ती मी शाळेत वापरायची, कारण अंश म्हटलं की पोरं कोनमापक शोधत बसतात, आणि घड्याळ सगळ्यांच्या डोक्यात असतं. आताच्या पोरांच्या मनगटावर काटे नसतात, तरी भिंतीवर अजून आहेत.

कोनाला लांबीइतकंच जपावं लागतं. पाच अंशांची चूक म्हणजे किती, असं वाटतं. पण वीस सेंटीमीटर लांब रेघेच्या टोकाला ती पावणेदोन सेंटीमीटर होते. संत्रं तेवढ्यात थाळीबाहेर पडतं. म्हणून लांब तिरपी आधी आणि छोटी तिरपी नंतर घ्यायची.

लॅम्ब्टनची आणखी एक सवय मला फार आवडते. त्रिकोणांची साखळी बरीच पुढे गेली की तो थांबायचा आणि जमिनीवर पुन्हा एक नवी रेषा प्रत्यक्ष मोजायचा. हिशेबानं तिची लांबी आधीच आलेली असायची. ती मोजलेल्या लांबीशी जुळते का ते ताडून बघायचा. एका पद्धतीचा दुसरीकडून पंचनामा. चित्र मोजायच्या पाच-सहा रीती शिकायच्या त्या यासाठी. एकाच रीतीनं दहा वेळा मोजलं तर तीच चूक दहा वेळा पक्की होते.

पंच म्हणून सगळ्यात कडक ओळंबा. गवंड्याचा ओळंबा असतो तोच, फक्त आपला दोऱ्याचा. दोऱ्याच्या टोकाला एखादी किल्ली किंवा नट बांधला की झालं. पृथ्वी स्वतः तुमच्यासाठी एक उभी रेघ धरून उभी राहते, आणि ती कधीच तिरकी नसते. आपल्या मनातली उभी रेघ मात्र बऱ्याचदा झुकलेली असते. उजव्या हाताने काढणाऱ्या कित्येकांचे गडवे एका बाजूला कलतात ते त्यामुळे. ओळंबा गडव्याच्या काठावरून सोडा. तो खाली पोटाला कुठे लागतो, थाळीला कुठे, संत्र्याच्या डाव्या अंगाला लागतो की मधून जातो, हे टिपून घ्या. चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या माणसाचं स्केच करताना तर ओळंब्याशिवाय मी सुरुवातच करत नाही. एका पायावर भार टाकून उभा असेल, तर गळ्याच्या खळग्यातून सोडलेला दोरा बहुतेक वेळा त्याच पायाच्या घोट्याजवळ उतरतो. चित्रात तो तिथे उतरला नाही तर माणूस पडायच्या बेतात दिसतो, मग चेहरा कितीही हुबेहूब काढा. आडव्यासाठी पेन्सिल आडवी धरली की पुरतं. फक्त ती खरंच आडवी आहे ना, हे समोरच्या गच्चीच्या कठड्यावरून ठरवू नका. कठडाही तुमच्याकडे येताना तिरपा झालेला असतो.

यानंतरची रीत मोजण्यासारखी वाटतच नाही, पण मला वाटतं आमच्या गच्चीवर सगळ्यात जास्त डोळे हिनंच उघडले. गडवा काढायचाच नाही. गडवा आणि संत्रं यांच्यामधली जी हवा आहे, तिचा आकार काढायचा. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी हिला निगेटिव्ह स्पेस म्हणतात. मी मधली जागा म्हणते. गडवा कसा असतो हे मेंदूला माहीत आहे, म्हणून तो लुडबुड करतो. पण गडव्याच्या गळ्याजवळचा, थाळीच्या मागच्या कडेनं कापलेला तो वाकडा तुकडा? त्याला नाव नाही. नाव नसलेल्या आकाराबद्दल मेंदूचं काही मत नसतं, तो गप्प बसतो. किटलीची कडी आणि पोट यांच्यामधलं भोक, प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीतल्या फटी, सायकलच्या त्रिकोणातून दिसणारी भिंत, सरावाला हे उत्तम. झिरो माईलच्या घोड्यांवर तर मी एक अख्खी सकाळ घालवली होती, घोड्यांच्या पायांमधल्या आकाशाचे तुकडे तेवढे काढत. घोडा येत नाही मला. पण त्या तुकड्यांतून तो आला.

चौकटींच्या रीतीबद्दल माझं मत जरा मिश्र आहे. तारांची किंवा दोऱ्यांची जाळी ताणलेली चौकट समोर धरायची, कागदावर तेवढेच चौकोन आखायचे आणि चौकोनागणिक उतरवत जायचं. ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या भूमितीच्या पुस्तकाच्या १५३८ सालच्या आवृत्तीत अशी जाळी दाखवली आहे. व्हॅन गॉगनं १८८२ साली हेगमध्ये असताना एक चौकट करून घेतली होती आणि ती तो समुद्रकिनारी, माळावर घेऊन जायचा. आपल्याकडे सिनेमाची पोस्टरं हातानं रंगवणारे चित्रकार छोट्या फोटोवर चौकोन आखूनच ती भलीमोठी करायचे. म्हणजे परंपरा थोर आहे. घरात वेगळी चौकट करायचीही गरज नाही. खिडकीचं ग्रील आहेच. खुर्ची एका जागी ठेवा, हनुवटी कशावर तरी टेकवा, एक डोळा मिटा, आणि ग्रीलच्या चौकोनांतून समोरचं घर बघा. कुठली गच्ची कुठल्या चौकोनात संपते ते थेट दिसतं.

मग अडचण काय? चौकोन भरायची इतकी सवय लागते की दोन चौकोनांमधलं नातं दिसायचं थांबतं. ग्रेड परीक्षेची पोरं छायाचित्रावर चौकोन आखून अप्रतिम नक्कल करतात, आणि वस्तुचित्राच्या पेपरला समोर खरी बादली आली की गांगरतात. चौकट ही तपासनीस म्हणून चांगली. आधी मोकळ्या हातानं काढा, मग ग्रीलमधून ताडून बघा.

शेजारी-शेजारी पद्धत म्हणून एक आहे, तिला जागा लागते. चित्राचा बोर्ड वस्तूच्या अगदी बाजूला उभा करायचा आणि तीनेक मीटर मागे जाऊन एका ठरलेल्या जागी उभं राहायचं. तिथून वस्तू आणि चित्र एकाच आकाराचं दिसलं पाहिजे. मागे उभं राहून बघायचं, पुढे येऊन रेघ मारायची, पुन्हा मागे. इथे मात्र माप जसंच्या तसं उतरतं, पट काढावी लागत नाही. दोरा ताणून धरला की वस्तूची आणि चित्राची उंची एका आडव्या रेषेत दिसते. पावलांभोवती खडूनं खुणा करून ठेवायच्या, एवढाच नियम. चुका यात लपत नाहीत. आमच्या गच्चीवर दहा जणांना हे जमणं शक्य नाही, वारा बोर्ड पाडतो ते वेगळंच. पण घरी एखादी रिकामी खोली असेल तर महिनाभर करून बघा.

आणि मोबाईल? फोटो काढून चित्राशेजारी धरला की झालं, असं इंजिनीअरिंगवाला दर आठवड्याला म्हणतो. झालं, पण फोटो कुठून काढला? गडव्याच्या जवळ जाऊन काढला असेल तर पुढचं संत्रं फुगलेलं असणार, कारण मापं अंतराप्रमाणे बदलतात. फोटो तुमच्या डोळ्याच्या जागेवरूनच हवा. त्यापेक्षा आरसा बरा: चित्राकडे पाठ करून छोट्या आरशात ते उलटं बघा. कललेला गडवा लगेच दिसतो. फुकट आणि झटपट.

जागेवरून आठवलं. दीक्षाभूमीच्या स्तूपाची उंची आणि व्यास, दोन्ही १२० फूट सांगितले जातात. माझ्या एका विद्यार्थिनीनं हे वाचलं आणि उंची-रुंदी सारखी धरून चित्र काढलं. मग समोर बसून मोजलं तर जुळेना, आणि ती माझ्यावरच चिडली. तिचं वाचन बरोबर होतं, पेन्सिलही बरोबर होती. मोठ्या घुमटाच्या जवळ बसलं की त्याचा खरा माथा दिसतच नाही. आपली नजर घुमटाच्या अंगाला जिथे चाटून जाते तिथे आपल्याला त्याची कड दिसते, आणि ती माथ्याच्या अलीकडे, खाली असते. पन्नास पावलं मागे गेलं की कड वर सरकते. तिला मी तीन जागांवरून तीन छोटी चित्रं काढायला लावली. तिन्ही वेगळी, तिन्ही खरी.

आता सराव कसा करायचा ते. मोजायच्या आधी अंदाज बांधायचा. हे पाळलं नाही तर वर सांगितलेलं सगळं यांत्रिक काम होतं. आमच्याकडे प्रत्येकाची एक दोनशे पानी वही आहे. पानावर दोन रकाने, अंदाज आणि माप. "तोंड उंचीत किती वेळा?" अंदाज लिहा, तीन. मग पेन्सिल लावा. सव्वादोन. दोन्ही लिहा, खोडू नका. दिवसाला दहा प्रश्न, वीस मिनिटं. वस्तू तीच ठेवा, रीत बदला. सोमवारी पट, मंगळवारी काट्यांच्या तिरप्या, बुधवारी ओळंबा, गुरुवारी मधली जागा. शुक्रवारी काहीही न मोजता काढा आणि शनिवारी त्याच चित्राला चारही रीतींनी तपासा. रोज नवी वस्तू मांडायचा मोह होतो, पण मग चूक वस्तूमुळे झाली की रीतीमुळे, ते कळत नाही.

तीन-चार आठवड्यांनी वहीची मागची पानं चाळली की गंमत दिसते. चुका विखुरलेल्या नसतात, त्यांना वळण असतं. वहिनी प्रत्येक उंची जास्त सांगतात. ती खोड बहुतेकांची आहे. सारख्या लांबीच्या दोन काड्या घेऊन एक आडवी ठेवा आणि तिच्या मधोमध दुसरी उभी ठेवा, उभीच लांब वाटते. इंजिनीअरिंगवाला सगळ्या तिरप्या पंचेचाळीस अंशांकडे ओढतो. माझी स्वतःची खोड अशी की उजव्या हाताला येणारी गोष्ट मी दर वेळी मोठी करते. इतक्या वर्षांनंतरही. पण आता माहीत आहे, म्हणून उजवीकडे गेले की एकदा जास्त मोजते.

चित्रभर मोजतच राहायचं असंही नाही. पाच-सात मापं पक्की झाली की पेन्सिल खाली, आणि मोकळेपणानं काढा. मारबतीच्या, म्हणजे पोळ्यानंतर निघणाऱ्या मोठाल्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत तर एकही माप घेता येत नाही. हात लांब करायला तिथे जागा नसते, कोपर कुणाच्या तरी बरगडीत जातं, आणि काळी मारबत तुमच्यासाठी थांबत नाही. तिथे जे काही उतरतं ते वहीतल्या डाव्या रकान्यावरच.

त्या रकान्याचं काय होतं, ते काकांनी मागच्या महिन्यात दाखवलं. दोन वर्षं येतायत ते. सुरुवातीला त्यांचा अंदाज आणि माप यांची भेटच व्हायची नाही; बँकेची सवय, चूक झाली की ते लाल पेनानं गोल करायचे. त्या रविवारी थाळीची रुंदी गडव्याच्या किती पट, असा प्रश्न होता. काकांनी अंदाज लिहिला, एक पूर्णांक दोन तृतीयांश. मग पेन्सिल लावून दीड लिहिलं. लाल गोल करायला पेन काढलं आणि थांबले.

"मॅडम, हे पटून नाही राहिलं मला."

"काय काका?"

"दीड. दीड नाही आहे ते."

मी म्हटलं, पुन्हा मोजा. त्यांनी खुर्ची नीट केली, हात लांब केला. एक पूर्णांक दोन तृतीयांश. मग त्यांनाच आठवलं; पहिल्या वेळी थाळी मोजताना हात दुखला म्हणून त्यांनी कोपर खुर्चीच्या हाताला टेकवलं होतं. लाल गोल त्यांनी केला, पण उजव्या रकान्यात.